गिटार खाली ठेवायची नाही!

मैत्रिणींनो, नोकरी करणाऱ्या बाईने संध्याकाळी काय करावं? जपानच्या ओसाका शहरात १९८१ साली तिघींनी चक्क रॉक बँड काढला! नाओको आणि अत्सुको यामानो या बहिणी आणि त्यांची मैत्रीण मिचिए नाकातानी. नाव ठेवलं ‘शोनेन नाइफ’, म्हणजे पोराचा चाकू. नाओको गिटारवर, मिचिए बासवर, अत्सुको ड्रमवर. स्टेजवरचे कपडेही अत्सुकोच शिवायची. गाणी कशावर, तर खाऊवर, प्राण्यांवर! नोकरी सांभाळून केलेली ही हौस १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या गाजलेल्या अमेरिकन बँडसोबत इंग्लंडच्या दौऱ्यापर्यंत पोचली.

खरी परीक्षा पुढेच होती. १९९९ मध्ये मिचिएने बँड सोडला. २००६ मध्ये अत्सुको लग्न करून अमेरिकेला गेली. नाओकोने नव्या मुली जोडल्या, पण गिटार काही खाली ठेवली नाही. पुढे काही वर्षांनी अत्सुकोही परत येऊन वाजवू लागली.

आता आपल्या अकोल्यात, जठारपेठेत कुणी म्हणेल, ‘‘हे काय आपलं काम आहे का बाई?’’ का नाही? तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आपल्या वऱ्हाडातलीच. पेटी, टाळही मिळतात. अडतं ते वेळेपाशी. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं यातून आठवड्याची एक दुपार घरच्यांकडून हक्काने मागून घ्यायची. सूर चुकला तर चुकू दे! लग्नानंतर सुटलेलं वाद्य आणि दुरावलेली मैत्रीण, दोन्ही परत मिळू शकतात. तिला एक फोन तर लावा!