मोहगावचे दोन खण

गेल्या पावसाळ्यात मोहगावच्या आमच्या आजोळच्या वाड्याचे मागले अंग बसले आणि मामांचा निरोप आला, "लाकूड विकून टाकतो म्हणतो. व्यापारी पाहून गेला." जुने सागवान शहरात चांगल्या भावाने जाते, त्याची टेबले नि कपाटे होतात, हे खरेच. मामांचे वय झालेले. छपरावर चढणारा माणूस मिळत नाही. त्यांचे काही चुकत नव्हते. परंतु ज्या ओसरीवर आमच्या वडिलांनी राजवाड्याची चाकरी सुटल्यावर कित्येक उन्हाळे तानपुरा जुळवला, तिचे खांब कोणाच्या तरी दिवाणखान्यात जावेत हे मनास पटेना. गाठीला पैका बेताचा. तरी त्याच लाकडात दोन खण उभे करावयाचे ठरवून मी इंदूर सोडले.

मोहगाव सौंसर तहसिलीतले. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे पुष्कळांस नाव ठाऊक असेल. २०२३ पर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य मध्य प्रदेशाचे, घरातली बोली मराठी.

मामेभावाचा मुलगा हुशार. म्हणाला, "काका, परदेशात ओंडक्यावर ओंडका रचून घरे बांधतात. आपणही तसेच करू, भिंतींचा खर्चच वाचेल!" मी कागद घेतला. २० फूट लांब, १५ फूट रुंद, ९ फूट उंच अशी जागा. ८ इंच जाडीच्या ओंडक्यांच्या चार भिंती रचावयाच्या तर ४२० घनफूट लाकूड लागते. दारेखिडक्या वजा केल्या तरी पावणेचारशेच्या खाली येत नाही. तेच आपल्या रीतीने ६ इंची चौरस आठ खांब, चोहो बाजूंच्या तुळया, एक मधली तुळई आणि वर आढे असे धरले, तर सांगाडा ४५ घनफुटांत होतो. वासे-रीपा निराळ्या. मुलगा गप्प बसला.

नॉर्वे-रशियात पाइनची सरळसोट झाडे मुबलक, म्हणून तिकडे ती पद्धत शोभते. तिथेही गंमत अशी की लाकूड वाळताना रुंदीत आटते, लांबीत जवळजवळ आटत नाही. त्यामुळे आडवे ओंडके रचलेली भिंत काही वर्षे इंचाइंचाने खाली बसत राहते, आणि जाणते सुतार दाराच्या चौकटीवर मुद्दाम फट सोडतात. आपला खांब उभा. तो आटला तरी बारीक होतो, बुटका होत नाही. आपल्या जुन्या सुतारांनी लाकूड उभे केले आणि भिंतीचे काम मातीवर सोडले, त्यात हा हिशेब होताच.

वाड्याची लाकडे अंगणात काढून ठेवली तेव्हा म्हातारे सुतार वाकसाच्या दांड्याने एकेक ठोकीत गेले. "आयका बरं, मास्तर." आमचा कान त्यातला. तानपुऱ्याची दांडी तुनाच्या लाकडाची, आणि तीही वाळलेली नसेल तर पुढे वाकते, हे लहानपणापासून पाहिलेले. चांगला खांब खणखणीत बोले. आत वाळवीने पोकळ केलेला भद्द आवाज देई. अकरांपैकी सात पास झाले. आठवा बुडाशी हातभर सडलेला होता, तो कापून त्याखाली तितका उंच तळखडा बसवला. खांब जमिनीत न गाडता दगडी तळखड्यावर ठेवावयाचा, म्हणजे ओल व वाळवी दोन्ही दूर राहतात.

एक चूक मात्र केली. दारासाठी जुने लाकूड पुरेना, म्हणून एका वखारीतून नवे घेतले. "वाळलेले आहे" या शब्दावर विश्वास ठेवला, ठोकून पाहिले नाही. पहिल्या पावसात दार पिळवटले आणि कडी लागेना. ब्रह्मदेशात सागाची साल व खालचे लाकूड भोवती कापून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत, मग तोडीत. इतका धीर आता कोणाला आहे?

भिंतींना पडक्या वाड्याचीच माती भिजवून, भुसा घालून घेतली. खाली दोन फूट दगड. कवेलू निम्मे जुने निघाले. पैसा गेला तो मुख्यतः मजुरीत. कूस आणि भोक हाताने जुळवणारे सुतार आता दोघेच, त्यांना घाई सांगून उपयोग नाही. शेजारी प्रधानमंत्री आवास योजनेतून पक्के घर झाले. तिथे सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. आमच्या घराला असा आधार नव्हता, आणि सागवान जुने असले तरी वाहून न्यावयाचे तर परवान्याची विचारपूस होते. सुदैवाने आमची लाकडे अंगणातून अंगणातच गेली.

वहिनींनी आगीची धास्ती घेतली होती. रास्त आहे. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या आगीत काय झाले ते इंदूरकरांस सांगावयास नको. म्हणून चूल दहा हात दूर, पत्र्याखाली वेगळी ठेवली.

व्यापाऱ्याचे पैसे बँकेत टाकले असते तर बरे, असे मामा अजून म्हणतात. मात्र दुपारी झोपावयास ते आपल्या स्लॅबच्या खोलीतून इकडेच येतात. यंदा मृगाआधी कवेलू फेरावयाचे आहेत. माणूस अजून मिळालेला नाही.