खदान सोडून गेलेल्या खड्ड्याचे काय करायचे?



रस्त्याचे काम निघाले की आमच्या भागात आधी एखाद्या टेकडीला खड्डा पडतो. मुरूम रस्त्यावर जातो, खडी पुलाला जाते, ठेकेदार पुढच्या गावी जातो. खड्डा मात्र पाड्याजवळच राहतो. पावसाळ्यात तो भरतो. कडा उभ्या आणि तळ खोल असल्यामुळे गुरांना पाण्यावर उतरता येत नाही, आणि एखादे घसरले तर त्याला वर येता येत नाही. अशा खदानीत मुले बुडाल्याची बातमी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेली आहे. मिशनच्या कामासाठी पाड्यांवर फिरताना मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो, “या खड्ड्याचे आता काय करायचे?” या अंकात त्याचे उत्तर मांडण्याचा प्रयत्न करतो.

त्यासाठी थोडे दूरचे उदाहरण घेतो. इंग्लंडमध्ये केंब्रिज परगण्यात ग्रेट ऊझ नदीकाठी नीडिंगवर्थ नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील शेतांखाली हिमयुगापासून साचलेले वाळू-गोट्यांचे जाड थर आहेत. पूर्वी हॅन्सन नावाने ओळखली जाणारी कंपनी तेथे वाळू आणि गोटे काढते. ही खदान पाहण्यासारखी आहे, कारण खणलेला भाग टप्प्याटप्प्याने आर.एस.पी.बी. या पक्षीसंरक्षण संस्थेच्या हाती दिला जातो आणि तेथे पाणथळ राखीव क्षेत्र तयार होते. त्याचे नाव ऊझ फेन. सुमारे तीस वर्षांत 700 हेक्टर जागा अशी तयार करायची आणि त्यातल्या 460 हेक्टरांवर उंच पाणगवत वाढवायचे, अशी ही योजना आहे.

हे कसे साधते ते समजून घेऊ. नदीकाठचे गोटे काढले की जमीन काही मीटर खाली जाते आणि भूजल वर येते. नुसते सोडून दिले तर खोल, उभ्या कडांचा तलाव उरतो. खोल पाण्यात तळापर्यंत उजेड पोचत नाही, म्हणून तळाला वनस्पती रुजत नाहीत. वनस्पती नाही म्हणजे किडे कमी, किडे कमी म्हणजे मासे आणि पक्षी कमी. खरी जीवसृष्टी असते ती गुडघाभर पाण्यात. म्हणून नीडिंगवर्थला वरची माती आणि निरुपयोगी चिकणमाती फेकून देत नाहीत. तीच खड्ड्यात परत पसरून तळ उथळ करतात, बुटके बांध घालतात, मधून पाण्याचे चर काढतात. पाणी हवे तेवढेच राहावे म्हणून दारे बसवतात. मग पाणगवत लावतात. खणणाऱ्या यंत्रांनीच हे होते. यंत्रे गेल्यावर तेच काम करायचे म्हटले तर खर्च कितीतरी वाढतो.

याचा परिणाम दिसला आहे. बगळ्याच्या कुळातला बिटर्न नावाचा पक्षी दाट पाणगवतातच घरटे करतो. पाणथळ जागा संपत गेल्या तसा तोही संपत आला. 1997 साली साऱ्या ब्रिटनमध्ये साद घालणारे केवळ 11 नर मोजले गेले. ऊझ फेनसारख्या अनेक जागा तयार झाल्या, जुन्या सुधारल्या गेल्या, आणि आज ही संख्या 200 च्या वर आहे.

येथवर गोष्ट आनंदाची आहे. पण आदिवासी बांधवांसाठी काम करणाऱ्यांनी तिची मागची बाजूही पाहिली पाहिजे. ही सारी भूमी, म्हणजे ‘फेन’, मूळची दलदलच होती. तेथले गरीब लोक मासे धरत, पाणपक्षी पकडत, छपरासाठी पाणगवत कापत, उन्हाळ्यात गुरे चारत. जमीन कोणा एकाची नव्हती. वापरण्याचा हक्क साऱ्यांचा होता. सतराव्या शतकात धनिकांनी पैसे गुंतवले, डच अभियंता कॉर्नेलियस वर्मुडेन याच्याकडून कालवे खोदून घेतले आणि पाणी काढून टाकले. लोकांनी विरोध केला, बांध फोडले. पण शेवटी हरले. सामायिक दलदलीची खासगी शेती झाली. आज साडेतीनशे वर्षांनी तिच्यातल्या एका तुकड्यावर पाणी परत आले आहे, पक्षीही परत आले आहेत. त्या लोकांचे मासेमारीचे आणि चराईचे हक्क मात्र परत आलेले नाहीत.

म्हणून मला वाटते, नीडिंगवर्थकडून आपण खड्ड्याला आकार द्यायची रीत घ्यावी, ‘राखीव क्षेत्र’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. आपल्याकडे या शब्दाने अनेक पाड्यांची वाट बंद केली आहे. खड्ड्याचे तळे झाले आणि त्याभोवती कुंपण पडले, तर पाड्याचे एकदा नव्हे, दोनदा नुकसान होते. तळे ग्रामसभेचे असले पाहिजे.

सुदैवाने आपल्या हाती कायदा आहे. महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे तेथे मुरूम, खडी, वाळू अशा गौण खनिजांचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवून आपली ग्रामसभा घेता येते. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा, पाणसाठ्यांतील मासे व इतर उपज घेण्याचा आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभा जंगल सांभाळू शकते हे त्या गावाने दाखवून दिले. शिवाय 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, खनिज काढून झाल्यावर त्या जागी पुन्हा गवत-चारा उगवेल अशी जमीन करून देण्याची अट खाणपट्ट्यात घालावी.

तेव्हा पट्ट्याचा कागद ग्रामसभेपुढे येईल, त्या दिवशी सही-अंगठ्याआधी हे प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे:

वरची काळी माती वेगळी रचून ठेवणार का, आणि ती परत कोण पसरणार?

निदान एका बाजूला गुरे आणि मुले सहज चढ-उतार करतील असा सावकाश उतार मिळेल का?

काठाने गुडघाभर पाण्याचा पट्टा सोडणार का? मरळीसारखे मासे अशाच गवताळ उथळ पाण्यात अंडी घालतात.

मातीची एखादी उभी कड, लोकांच्या वाटेपासून दूर, तशीच ठेवता येईल का? खंड्या आणि वेडा राघू तिच्यात बिळे करून पिले वाढवतात.

आणि शेवटी, तळे झाल्यावर त्यातले मासे, गवत, पाणी कोणाचे? हे ठरावात शब्दांत लिहून घ्यावे.

जेथे खड्डा आधीच पडून आहे, तेथे प्रथम जमीन कोणाची आहे ते सातबाऱ्यावर पाहावे: वनखात्याची, गायरानाची की मालकीची. मग एक बाजू फोडून उतार करण्याचे काम ग्रामसभेने रोजगार हमीच्या आराखड्यात मागावे. तोवर कडेला काटेरी फांद्यांचे कुंपण तरी घालावे. मुलांच्या जिवासाठी तेवढे थांबता येणार नाही. तळ्यात बीज सोडायचे तर स्थानिक माशांचे सोडावे. बंदी असलेला विदेशी मांगूर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये, तो बाकीचे मासे खाऊन टाकतो.

बेसाल्टच्या कातळातली दगडखाण आणि नीडिंगवर्थची गोट्यांची खदान सारखी नाही, हे मी जाणतो. कातळात उतार काढणे कठीण असते आणि तेथे इतके पक्षी येतीलच असे नाही. पण मुरमाच्या आणि वाळूच्या खड्ड्यांत हे नक्की होऊ शकते, आणि आमच्या पाड्यांभोवती असे खड्डे पुष्कळ आहेत. आपल्या मदतीतून आम्ही ग्रामसभांना कायद्याची माहिती देण्याच्या बैठका घेतो. या तिमाहीत त्या बैठकांत वरचे पाच प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणार आहोत. आपल्या ओळखीत कोणी भूजल, मत्स्यपालन किंवा मोजणीचे जाणकार असतील तर त्यांना एक दिवस आमच्याबरोबर पाड्यावर पाठवा. पैशांइतकीच या ज्ञानाची गरज आहे.