शिक्षणाने माणूस घडतो काय?

"शिकलास तर माणूस होशील" हे वाक्य ज्याच्या कानी पडले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे आमच्याकडे तर या वाक्याला मंत्राचेच स्थान आहे. माझ्या शिक्षणासाठी घरच्यांनी जे काही सोसले ते याच श्रद्धेच्या बळावर. म्हणूनच इतिहास वाचताना जर्मनीतील एका बैठकीची हकिकत समोर आली, तेव्हा ही श्रद्धा एकदा नीट पारखून घ्यावी असे वाटू लागले. प्रस्तुत लेख हा त्याचाच एक प्रयत्न आहे.

ती बैठक २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या नैर्ऋत्येस, वान्झे नावाच्या तलावाकाठी असलेल्या एका प्रशस्त बंगल्यात भरली. अध्यक्षस्थानी नाझी पोलीस यंत्रणेतील वरिष्ठ अधिकारी राईनहार्ड हायड्रिख होता. गृह, न्याय, परराष्ट्र अशा खात्यांचे बडे अधिकारी आणि नाझी पक्ष व एस. एस. संघटनेचे पुढारी मिळून पंधरा जण हजर होते. युरोपातील ज्यू लोकांचा 'अंतिम निकाल' लावणे हा बैठकीचा विषय होता. कत्तलींना १९४१ च्या उन्हाळ्यात, रशियावरील स्वारीबरोबर, सुरुवात झालेलीच होती. आता सर्व खात्यांनी एकमेकांना साहाय्य कसे करावे, एवढेच ठरवायचे होते. सुमारे दीड तासात काम आटोपले. बैठकीचे इतिवृत्त पंधरा पानांचे आहे. त्यात देशवार ज्यूंच्या संख्येचा तक्ता असून बेरीज १ कोटी १० लाखांवर जाते. ठार मारण्याची भाषा मात्र त्यात उघडपणे नाही. 'पूर्वेकडे हलविणे' अशी कचेरीतील सोज्ज्वळ भाषा आहे. त्या पंधरांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळविलेले होते.

या संहाराला इंग्रजीत 'होलोकॉस्ट' म्हणतात, तर हिब्रू भाषेत 'शोआ', म्हणजे महाअरिष्ट, म्हणतात. त्यात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले आणि त्यांपैकी सुमारे १५ लाख मुले होती. रोमा जमातीचे लोक, अपंग व मनोरुग्ण यांचाही नाझींनी पद्धतशीर संहार केला. हे सर्व निरक्षर टोळ्यांनी केले असते, तर 'शिक्षणाचा अभाव' असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण ज्या देशातील विद्यापीठे साऱ्या जगात नावाजलेली होती, त्याच देशात हे घडले.

तेव्हा प्रश्न असा पडतो की, त्या काळात जर्मन शाळांतून काय शिकविले जात होते? हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. वंशशास्त्र नावाचे एक खोटे शास्त्र वर्गात शिरले. गणिताच्या पुस्तकांत एका अपंग माणसाला पोसण्यास सरकारला किती खर्च येतो, आणि त्या पैशांत निरोगी कुटुंबांना किती घरे देता येतील, अशा धर्तीची उदाहरणे आली. मुले ती उदाहरणे सोडवीत होती, उत्तरे बरोबर येत होती आणि गुण मिळत होते. पुढे १९४० व १९४१ या दोन वर्षांत सुमारे ७० हजार अपंग व मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले, तेव्हा ते गणित खरोखरीच मांडले गेले असे म्हणावे लागते.

'विषारी अळंबे' अशा अर्थाच्या नावाचे एक चित्रमय पुस्तक १९३८ मध्ये मुलांसाठी निघाले. चांगली व विषारी अळंबी जशी ओळखावी लागतात तसा ज्यू ओळखावा, अशी त्यातील शिकवण होती. त्याचा प्रकाशक युलिउस श्ट्राइखर हा पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षक होता. न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याला १९४६ मध्ये फाशी झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये उरल्यासुरल्या ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले. काल शेजारी बसणारी मुले आज बाकावर नव्हती, आणि तास पुढे चालूच राहिला.

म्हणजे शाळा ही आपोआप माणुसकी शिकविते असे नव्हे. ती द्वेषही तितक्याच शिस्तीने शिकवू शकते. युद्धानंतर जर्मनीला ही गोष्ट उमगण्यास वेळ लागला. पश्चिम जर्मनीत पुष्कळ जुने शिक्षक व न्यायाधीश नोकरीत कायम राहिले आणि पहिली काही वर्षे या विषयावर मौनच होते. १९६३ ते १९६५ या काळात फ्रांकफुर्ट येथे आउश्वित्स छावणीतील नोकरांवर खटला चालला, तेव्हा ते मौन थोडे सुटले. पुढे १९६६ मध्ये टेओडोर आडोर्नो या तत्त्ववेत्त्याने रेडिओवर एक व्याख्यान दिले. आउश्वित्स पुन्हा घडू नये ही शिक्षणाची सर्वांत पहिली मागणी आहे, हे त्याचे सूत्र होते. विचार करण्याची, स्वतः ठरविण्याची आणि सर्वांबरोबर वाहवत न जाण्याची ताकद मुलाला लहानपणापासून मिळाली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

त्या वान्झेच्या बंगल्याचे पुढे काय झाले, हेही जाणून घेण्यासारखे आहे. १९५२ पासून तेथे बर्लिनच्या शाळकरी मुलांचे सहलीचे वसतिगृह होते. आउश्वित्समधून जिवंत सुटलेले इतिहासकार योसेफ वुल्फ यांनी १९६० नंतरच्या दशकात तेथे नाझी अत्याचारांच्या अभ्यासाचे केंद्र व्हावे म्हणून खटपट केली. ती मान्य झाली नाही. १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. अखेर बैठकीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २० जानेवारी १९९२ रोजी, तो बंगला स्मारक व शिक्षणकेंद्र म्हणून खुला झाला. तेथील ग्रंथालयाला आज वुल्फ यांचे नाव आहे.

या केंद्राची एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. तेथे शाळांच्या वर्गांबरोबरच निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांसाठीही अभ्यासवर्ग भरतात. परिचारिकांनी रुग्णालयांत काय घडले ते पाहावे, सरकारी नोकरांनी आपल्यासारख्याच कारकुनांच्या हातून गेलेली कागदपत्रे वाचावीत, असा त्यामागे हेतू असतो. 'हिटलर दुष्ट होता' एवढे शिकून विद्यार्थी सुटतो, कारण आपण काही हिटलर होणार नसतो. पण आपण कारकून, शिक्षक, पोलीस किंवा शेजारी नक्कीच होणार असतो. संहार चालला तो अशा हजारो जणांनी आपापले काम बिनबोभाट केले म्हणून.

या विषयाच्या अध्यापनाविषयी इस्राएलमधील याद वाशेम व वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट संग्रहालय यांनी अनुभवातून काही पथ्ये घालून दिली आहेत. नुसत्या आकड्यांऐवजी एकेका माणसाचे आयुष्य सांगावे. भयानक चित्रे दाखवून मुलांना हादरवू नये. वर्गात कैदी व पहारेकरी यांची सोंगे देऊन 'अनुभव' देण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने दुःख समजत नाही, त्याचा खेळ होतो. कोणाचे दुःख मोठे याची स्पर्धा लावू नये.

शाळेबाहेर, समाजातही हे काम चालते. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ पासून जर्मनीतील फुटपाथांत लहानसे, पितळी पत्र्याचे दगड बसविण्यास सुरुवात केली. त्यांना 'ठेचेचे दगड' अशा अर्थाचे नाव आहे. बळी पडलेला माणूस ज्या घरात राहत होता त्या घरासमोर दगड बसतो, आणि त्यावर त्याचे नाव, जन्मवर्ष व पुढे काय झाले ते कोरलेले असते. ही माहिती पुष्कळदा शाळेची मुलेच जुनी दप्तरे चाळून गोळा करतात. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड बसले. मृतांची नावे पायदळी येतात, असा आक्षेपही आहे, आणि म्यूनिक शहराने सार्वजनिक रस्त्यांवर त्यांना परवानगी दिलेली नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच कोठे लागली हे मागच्याला कोणी दाखवावे लागते.

कोणी विचारील, याच्याशी आपला संबंध काय? ज्यू लोक मराठीला परके नाहीत. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांवरून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ज्यू म्हणून येथे आपला छळ झाला नाही, असे ते स्वतःच सांगत आले. याचा अभिमान जरूर वाटावा. परंतु आपल्याकडे शिस्तीच्या शिक्षकाला कौतुकाने 'हिटलर' म्हणतात आणि हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर पदपथावर विकले जाते, तेव्हा ही गोष्ट आपल्याला कितपत ठाऊक आहे याची शंका येते. 'सहिष्णुता' हा शब्दही आपण निबंधात सढळ हाताने वापरतो. त्याचा मूळ अर्थ सहन करणे. मात्र ज्याला आपण नुसते सहन करतो त्याला उद्या घालवून देणेही सोपे असते. सहन करण्याच्या पुढे जाऊन ओळख व्हावी लागते.

तुलना न करता पद्धत मात्र घेता येईल. आपल्या गावात कोणाला कोणत्या विहिरीवर येऊ देत नव्हते, शाळेत कोण वेगळे बसत होते, आणि तेव्हा बाकीचे काय करीत होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे हा आपल्या इतिहास विभागाचा एक उपक्रम होऊ शकेल. त्यासाठी पैसा लागत नाही, धीर लागतो.

शिकले म्हणजे माणूस होतो, या घरच्या वाक्यावरचा माझा विश्वास उडालेला नाही. पदवी मिळाली म्हणजे ते साधले, असे मात्र आता वाटत नाही. समोर आलेल्या गणितात जेव्हा माणसे मांडलेली असतील, तेव्हा उत्तर काढण्याआधी हात वर करून प्रश्न विचारता आला पाहिजे. तेवढे जमले, तर घरच्यांनी जे सोसले ते कारणी लागले असे मी म्हणेन.