व्हिसा विकत मिळत नाही

दापोली, मंडणगड, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतली कितीतरी घरं आखातातून आलेल्या पैशावर उभी राहिली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, पुढच्या दहा वर्षांत सौदी अरेबिया, कुवेत, कतार, दुबईत रस्ते, बंदरं आणि इमारतींची कामं निघाली आणि एरवी मुंबईच्या गोदीत किंवा बोटीवर जाणारा कोकणातला माणूस थेट तिकडे जाऊ लागला. गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांत तर कुवेतची नोकरी त्याच्याही आधीपासूनची. आता लातूर-नांदेडकडचे वेल्डर, फिटर, क्रेन चालवणारेही मुंबईतल्या मुलाखतींना येतात. इतक्या पिढ्यांचा हा रस्ता असूनही त्यातली एक मूळ गोष्ट घराघरांत पोचलेली नाही. आखातातल्या नोकरीचा व्हिसा कामगार मिळवत नाही. तो त्याचा मालक मिळवतो.

माणसं फसतात ती बहुतेक इथेच. अमेरिकेला फिरायला जाताना आपण अर्ज भरतो, फी भरतो, मुलाखत देतो. तसंच नोकरीच्या व्हिसाचंही असेल असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सगळी सुरुवात तिकडे होते. कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाकडे माणसं आणायची परवानगी मागते. ती मिळाली की भारतातल्या भरती एजंटला डिमांड लेटर आणि मुखत्यारपत्र पाठवते. त्यात किती माणसं, कोणत्या कामाची, किती पगारावर हे लिहिलेलं असतं. मग इथे मुलाखत, ट्रेड टेस्ट, निवड, ऑफर लेटर, मेडिकल, पासपोर्टवर स्टॅम्पिंग किंवा ई-व्हिसा, आणि शेवटी तिकीट. या साखळीत कामगाराच्या वाट्याला स्वतःची कागदपत्रं देणं, चाचणी देणं आणि करार वाचून सही करणं एवढंच येतं. तेव्हा ‘माझ्याकडे दोन व्हिसे आहेत, एक तुला देतो’ असं कुणी म्हणालं, तर जी वस्तू विकायचीच नसते ती तो विकायला बसला आहे.

खर्च कुणी करायचा हेही कायद्याने ठरलेलं आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून थेट किंवा आडवळणानेही वसूल करायचा नाही. कतारने भारतात स्वतःची व्हिसा केंद्रं उघडली आहेत, त्यातलं एक मुंबईत आहे. बोटांचे ठसे, मेडिकल आणि करारावरची सही हे सगळं तिथेच उरकतं आणि त्याचे पैसे मालक भरतो. आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. त्याहून जास्त एक रुपयाही मागता येत नाही, आणि घेतलेल्या पैशाची पावती द्यावीच लागते.

तरीही लाख, दीड लाख रुपये मोजून माणसं जातात. बायकोचे दागिने गहाण पडतात, जमिनीचा तुकडा विकला जातो, पतपेढीचं नाहीतर सावकाराचं कर्ज होतं. या आकड्यांचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा. कतारमध्ये कायद्याने ठरलेलं किमान मूळ वेतन महिन्याला १,००० रियाल आहे; रुपयांत साधारण २३-२४ हजार. दीड लाखाचं कर्ज म्हणजे एक पैसाही खर्च न करता, घरी एक पैसाही न पाठवता सहा महिन्यांहून जास्त राबणं, आणि व्याज वेगळंच. कर्ज घेऊन गेलेला माणूस तिकडे पगार थकला, काम बदललं, राहायची जागा वाईट निघाली तरी गप्प बसतो, कारण रिकाम्या हाताने गावी परतण्याची त्याला हिंमत होत नाही. सगळ्या फसवणुकीचं मूळ मला या कर्जात दिसतं.

सौदीत ‘आझाद व्हिसा’ नावाचा प्रकार वर्षानुवर्षं चालत आला आहे. आझाद म्हणजे मोकळा, कुठेही काम करायला मोकळीक असलेला, असं सांगून तो विकला जातो. तिथल्या कायद्यात असा कोणताही व्हिसा नाही. होतं असं की एखादा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर कामगार देशात येतो तो मालक, कागदोपत्री माणूस बोलावतो, पैसे घेतो आणि त्याला बाहेर काम शोधायला सोडून देतो. कामगाराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, एकाच्या नावावर आणि तो राबतो दुसऱ्याकडे. तपासणीत सापडला तर दोष त्याचा. आणि कफीलाचं मन फिरलं तर तो ‘कामगार पळून गेला’ अशी तक्रार नोंदवतो, ज्याला तिकडे हुरूब म्हणतात. मग इकामा जातो आणि शेवटी माणसाला देशाबाहेर काढलं जातं. २०२१पासून सौदीने नोकरी बदलण्याचे नियम बरेच सैल केले आहेत, पण ती सोय खऱ्या मालकाकडे खऱ्या करारावर असलेल्याला आहे.

आता पासपोर्टाकडे वळू. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा असतो. अशा माणसाला १८ देशांत नोकरीसाठी जायचं असेल तर निघण्याआधी सरकारची परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, घ्यावी लागते. आखातातले सहाही देश या यादीत आहेत. शिवाय इराक, जॉर्डन, लेबनॉन, मलेशिया, थायलंड, लिबिया वगैरे. ही परवानगी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाकडून मिळते. मुंबईत असं कार्यालय आहे आणि अर्ज ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून होतो. तिथे मालकाचं नाव, करार, पगार हे सगळं नोंदलं जातं. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय गेले. अशा वेळी मागे राहिलेल्या कुटुंबाच्या हातात काय असतं याचा विचार केला की पावणेतीनशे रुपयांच्या या कागदाची किंमत कळते.

परंतु ही सरकारी परवानगी टाळून पाठवण्याचे पैसे घेणारे लोक आहेत. त्यांची युक्ती साधी असते. ईसीआर पासपोर्टवर फिरायला जायचं असेल तर परवानगी लागत नाही. म्हणून माणसाला व्हिजिट व्हिसावर पाठवायचं, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हातात द्यायचं, विमानतळावर काय उत्तर द्यायचं ते पढवायचं. ‘तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून मिळेल.’ या धंद्यात याला पुशिंग म्हणतात. विमानतळावर अधिकाऱ्यापुढे खोटं बोलून निघालेला माणूस पोचल्यावर सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात असतो. त्याचा करार कुठेच नोंदलेला नाही, विमा नाही, आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं हाच गुन्हा. अमिरातीने २०२४मध्ये परवाना नसलेल्या कामगाराला राबवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहम इतका वाढवला. अशा मालकावर धाड पडली तर तो आधी या माणसालाच बाहेर काढेल.

दहावी झालेल्या मुलांना वाटतं की आपल्याला ही भानगड नाही. त्यांना परवानगी लागत नाही हे खरं, पण म्हणूनच निघण्याआधी त्यांचा करार कुणीही तपासत नाही आणि विमाही आपणहून घेतला तरच मिळतो. थायलंडला कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणून नेलेले आणि तिथून म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या कामाला डांबलेले भारतीय बहुतांशी शिकलेलेच होते.

एजंट खरा की खोटा हे शोधणं कठीण नाही. १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार सरकारी नोंदणीशिवाय कुणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. नोंदणीकृत एजंटाला लाखोंची बँक हमी द्यावी लागते, त्याला परवान्याचा क्रमांक असतो आणि तो ई-मायग्रेटवर तपासता येतो. गावोगाव फिरणारा सब-एजंट, मग तो नात्यातला का असेना, कायद्याला ठाऊकच नाही. पैसा बुडाला तर त्याच्याविरुद्ध दाद मागणं कठीण जातं. आणि कायद्यातली शिक्षा पाहा: बेकायदा भरतीला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. एका माणसाकडून दीड लाख उकळणाऱ्याला दोन हजारांची काय भीती? ही रक्कम आजही कायद्यात असावी हे मला लाजिरवाणं वाटतं.

मेडिकलबद्दल थोडंसं. आखाती देशांसाठी ते ठरलेल्या केंद्रांतच होतं. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांच्या चाचण्या असतात. क्षयरोग बरा झालेला असला तरी फुप्फुसावरची जुनी खूण दिसली की माणूस अनफिट ठरू शकतो. म्हणून मेडिकल पार पडून व्हिसा हातात येईपर्यंत इथली चालू नोकरी सोडू नये. आयटीआयच्या किंवा पदवीच्या दाखल्यांचं सत्यापन करायला वेळ लागतो. सौदी, ओमान, बहरीनसाठी अपोस्टील चालतं, पण अमिराती, कतार, कुवेतसाठी त्यांच्या दूतावासाची मोहोर लागते. मूळ दाखले एजंटाकडे ठेवून येऊ नयेत.

करार मात्र नीट वाचायला हवा. मूळ पगार किती आणि ओव्हरटाइम धरून किती हे वेगवेगळं लिहिलेलं आहे का? जेवण, राहणं, परतीचं तिकीट कुणाचं? कामाचं नाव तेच आहे का, की मुलाखत इलेक्ट्रिशियनची आणि व्हिसावर हमाल? अमिरातीचं ऑफर लेटर अकरा भाषांत उपलब्ध असतं, त्यात हिंदी आहे; मराठी नाही, पण हिंदी प्रत मागून घेता येते. तिकडे पोचल्यावर दुसऱ्याच कागदावर सही मागितली तर आधीची प्रत दाखवावी, आणि ती दाखवता यावी म्हणून करार, व्हिसा, पासपोर्ट, विमा यांच्या प्रती घरी आणि मोबाइलवर ठेवाव्यात. पासपोर्ट काढून घ्यायचा अधिकार मालकाला नाही. सौदी, कतार, अमिराती या तिन्ही देशांत त्याला मनाई आहे. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरचे लोकही इथून तक्रार करू शकतात. दूतावासांकडे अडलेल्या भारतीयांसाठी २००९पासून कल्याण निधी आहे. त्यातून वकील, निवारा, परतीचं तिकीट मिळू शकतं.

कुणाच्या घरातला मुलगा, जावई, भाचा निघायच्या तयारीत असेल तर त्याच्या एजंटाचा परवाना क्रमांक मागून घ्या आणि स्वतः तपासा. क्रमांक देणार नाही किंवा पावती देणार नाही, अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका.