फळीची खोबण आणि डेडो पातं : आधी यंत्र बघा, मग खरेदी करा



शाळेच्या वाचनकोपऱ्यासाठी मांडणी करायची ठरली की पहिला प्रश्न येतो, फळ्या बसवायच्या कशा? नुसत्या स्क्रूवर धरलेली फळी पुस्तकांच्या वजनाने हळूहळू टोकाशी ढिली पडते. तीच फळी बाजूच्या तक्त्यात खोबण पाडून बसवली, तर भार स्क्रूवर न येता लाकडावर येतो. आपले सुतार ही खोबण करवत आणि पटाशीने पाडत आले आहेत. लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या अशा खोबणीला इंग्रजीत डेडो म्हणतात. ती एका फेरीत पाडणारा जाड पात्यांचा संच म्हणजे डेडो सेट.

हल्ली हौशी पालकांकडे उचलून नेता येणारा छोटा टेबल सॉ असतो. मग विचारणा होते, "सर, डेडो सेट मागवू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी यंत्राची पुस्तिका उघडा.

१. यंत्राला डेडो चालतो का?

पातं ज्या दांड्यावर बसतं त्याला आर्बर म्हणतात. अनेक पोर्टेबल यंत्रांचा आर्बर आखूड असतो. त्यावर जाड संच चढवला की नटाला पुरेसे आटे उरत नाहीत. अर्धवट बसलेला नट फिरताना सुटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पुस्तिकेत तीन गोष्टी शोधा : डेडोला परवानगी आहे का, संचाचा व्यास किती चालेल आणि जास्तीत जास्त रुंदी किती. परवानगी नसेल तर विषय तिथेच संपला.

भोकाचं मापही बघा. अमेरिकन संचांचं भोक बहुधा ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिमी असतं. युरोपीय पात्यांचं बहुधा ३० मिमी असतं. माप जुळत नसेल तर जुगाड करू नका. संचावर लिहिलेली फेऱ्यांची कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा कमी नसावी.

२. कोणता संच?

वॉबल प्रकारात एकच पातं तिरकं बसवून डुलतं ठेवतात. ते स्वस्त पडतं, पण थरथर जास्त होते आणि खोबणीचा तळ किंचित गोलसर येतो. स्टॅक प्रकारात बाहेरची दोन पाती आणि मध्ये चिपर असतात. याचा तळ सपाट येतो. १० इंची यंत्राला ८ किंवा ६ इंची संच लावतात. छोट्या मोटरला हलका ६ इंची संच बरा. मांडणीच्या खोबणीला तेवढी खोली पुरते.

३. रुंदी जुळवणं : इथे मुलांना घ्या

१८ मिमी म्हणून विकत घेतलेलं प्लायवुड बऱ्याचदा थोडं कमी भरतं. मुलांना व्हर्नियर कॅलिपर देऊन फळी चार ठिकाणी मोजायला लावा. लेबलवरचं माप आणि खरं माप यांतला फरक त्यांना हातानेच कळतो. बाहेरची दोन पाती साधारण ३-३ मिमीची, मग मध्ये किती चिपर आणि किती पातळ चकत्या लागतील? दशांशाची बेरीज फळ्यावरच होऊन जाते. यंत्र मात्र मोठ्यांनीच चालवायचं आणि तेव्हा मुलं लांब.

४. वापरताना

पाती बदलण्याआधी प्लग काढा. चिपरचे दात बाहेरच्या पात्यांच्या दातांमधल्या गाळ्यात येऊ द्या, एकमेकांना टेकू देऊ नका. डेडोसाठी रुंद फटीची वेगळी टेबलपट्टी लागते. एक गोष्ट विसरू नका : या कामात पात्यावरचं झाकण आणि मागची रायव्हिंग नाइफ ही पट्टी काढावी लागते. म्हणजे नेहमीचं संरक्षण नसतं आणि पातं मात्र नेहमीपेक्षा जाड. म्हणून फळी हातानेच सरकवू नका. आडव्या खोबणीला मायटर गेज, लांब खोबणीला फेन्स आणि दाबून धरायला पुश ब्लॉक वापरा. चष्मा हवा. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

खोली फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे १८ मिमीला ६ मिमी पुरे. तीही दोन-तीन फेऱ्यांत घ्या. आधी टाकाऊ तुकड्यावर खोबण पाडून फळी बसवून बघा. ती हाताने दाबल्यावर बसावी, हातोडी लागू नये. बटण बंद केल्यावरही जड संच काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत हात लांब ठेवा. काम झालं की झाकण आणि पट्टी लगेच परत बसवा.

५. डेडो चालत नसेल तर?

काही बिघडत नाही. सरळ पट्टी क्लॅम्पने बांधून ट्रिमर राउटरने उत्तम खोबण पडते. नाहीतर करवत आणि पटाशी आहेच. वर्गाला एखाद्या सुतारकाकांना बोलावून ते काम दाखवलं तर उलट जास्त शिकणं होईल.

मांडणी चार दिवस उशिरा झाली तरी चालेल, बोटं मात्र शाबूत राहिली पाहिजेत. म्हणून आधी पुस्तिका वाचा, मग फळी मोजा आणि पैसे सगळ्यात शेवटी काढा.