स्वस्त तिकीट आणि दाराचा धनी

जुन्नराहून पश्चिमेस निघून नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोंचलें म्हणजे वाटेच्या कडेस एक मोठा दगडी रांजण दिसतो. कल्याणकडून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणांत जमा होत असे, अशी आमच्या भागांतील परंपरागत समजूत आहे. जवळच्याच गुहेंत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. तेव्हां ही वाट किती जुनी, हें निराळें सांगावयास नको. रांजणाची ही गोष्ट खरी धरली, तर त्या व्यवहारांत एक मोठी सोय होती. पैसे घेणारा आणि वाट मोकळी करणारा हे दोघे एकच होते. नाणें रांजणांत पडलें कीं बैल पुढें सरकत. मध्यें कोणी तिसरा नव्हता.

अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर आमच्या नारायणगांवास या. यात्रांचा हंगाम तोंडावर आला म्हणजे तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच त्या राहुट्यांत येऊन बसतात, फडाची तारीख व रक्कम समक्ष ठरवितात आणि सुपारी देतात. घासाघीस पुष्कळ होते, पण ज्यास पैसे द्यावयाचे तो समोर बसलेला असतो. तारखेस फड आला नाहीं तर कोणाच्या राहुटींत जाब विचारावयाचा, हें पंचांना पक्कें ठाऊक असतें.

आज मला बोलावयाचें आहे तें ज्या व्यवहारांत असा समोर बसलेला मनुष्य नसतो त्याविषयीं. १९८९ सालीं मुंबईजवळ गोराई येथें एस्सेल वर्ल्ड सुरू झालें, २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालें, आणि सुटीमध्यें मुलांना घेऊन अशा मनोरंजन-उद्यानांस जाणें ही शहरांतल्याच नव्हे, तर जुन्नर-आंबेगांवांतल्या कुटुंबांचीहि रीत झाली. चार-सहा माणसांचें तिकीट काढावयाचें म्हणजे रक्कम मोठी होते. मग मोबाईलवर एकादा संदेश येतो : "तेंच तिकीट, निम्म्या दरांत." हें तिकीट घ्यावें कीं घेऊं नये?

घोडेगांवच्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत त्यांच्याच अनुमतीनें सांगतों. त्यांना आपण नुसतें गुरुजी म्हणूं. उद्यानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण त्यांत उद्यानाचा दोष नव्हता. मे महिन्यांत पुण्याहून मुलगा, सून, लेक, जांवई व नातवंडें आलीं. सर्व मिळून नऊ माणसें. उद्यानाचा दर दरडोई १५०० रुपये, म्हणजे एकूण १३,५०० रुपये होत होते. गुरुजींच्या व्हॉट्सॲपवर कोणाकडून तरी फिरत आलेल्या एका जाहिरातींत तेंच तिकीट ९०० रुपयांस होतें. गुरुजींनीं ८,१०० रुपये पाठविले, आणि पांच मिनिटांत नऊ तिकिटें आलीं. त्यांवर उद्यानाचें चिन्ह होतें, तारीख होती आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनहि होता. ५,४०० रुपये वांचविल्याचें समाधान गुरुजींच्या चेहऱ्यावर सबंध प्रवासभर होतें.

दारावरच्या यंत्रानें पहिलीं दोन तिकिटें मान्य केलीं. तिसऱ्यास यंत्र लाल झालें. "हें तिकीट आज सकाळींच वापरलें गेलें आहे," असें द्वारपालानें सांगितलें. चौथें तसेंच, पांचवेंहि तसेंच. मागें रांग खोळंबलेली. तेवढ्यांत धाकट्या नातवानें मोठ्यानें विचारलें, "आजोबा, आपलं तिकीट खोटं आहे का?" सात माणसांचीं तिकिटें पुन्हां खिडकीवर काढावीं लागलीं, त्यांस १०,५०० रुपये पडले. एकूण खर्च १८,६०० रुपये. म्हणजे सरळ मार्गानें घेतलें असतें त्याहून ५,१०० रुपये अधिक. गुरुजी म्हणतात, "पैशांचें दुःख आठ दिवसांत विसरलों, पण तो प्रश्न अजून कानांत आहे."

आतां हें झालें कसें, तें पाहूं. तिकीट म्हणजे एक वस्तु आहे, अशी आपली समजूत असते. हातांत आली कीं आपली झाली. वास्तविक तिकीट हें दाराच्या धन्यानें दिलेलें वचन आहे : "अमुक दिवशीं अमुक मनुष्यास आंत सोडीन." पूर्वीं हें वचन छापील कागदावर असे व कागद एकच असे. आतां तें एका क्रमांकांत असतें, आणि तो ठिपक्यांचा चौकोन म्हणजे त्या क्रमांकाचें यंत्रास वाचतां येणारें रूप होय. हा क्रमांक उद्यानाच्या वहींत नोंदलेला असतो. दारावरचें यंत्र चौकोन वाचतें, वहींत क्रमांक शोधतें, "वापरला" अशी खूण करतें व दार उघडतें. कागद कोणाच्या हातांत आहे, याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. म्हणून एक खरें तिकीट विकत घेऊन त्याच्या पन्नास प्रती पन्नास जणांना विकतां येतात. पन्नासहि दिसावयास खऱ्या. पण जो आधीं पोहोंचेल तो आंत, बाकीचे एकूणपन्नास बाहेर. तिकिटाचें रूप पाहून त्याचा खरेपणा ठरवितां येत नाहीं, तो याच कारणानें. आणि म्हणूनच आपलें खरें तिकीट हौसेनें चारचौघांत दाखविण्यासाठीं त्याचें छायाचित्र कोठेंहि पाठवूं नये.

मग स्वस्त तिकीट म्हणजे लबाडीच, असें समजावयाचें काय? तसें नाहीं. उद्यानाचा खर्च बहुतेक ठरलेला असतो. पाळणे चालवावयाचे, नोकर ठेवावयाचे, पाणी खेळवावयाचें. मंगळवारीं शंभर माणसें आलीं काय किंवा हजार आलीं काय, खर्चांत फारसा फरक पडत नाहीं. रिकामा गेलेला पाळणा दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं. म्हणून आडवारीं दर उतरवावा, शाळांच्या सहलींस सवलत द्यावी, आगाऊ पैसे भरणाऱ्यास कमी घ्यावें, एकाद्या प्रवासी कंपनीस शेंकड्यांनीं तिकिटें देऊन तिला अडत द्यावी, हें उद्यानाच्या हिताचेंच असतें. सरकारी व्यवहारांतहि अशी सवलत आढळते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीस, जेथें सातव्या लेण्यांत गिरिजात्मज गणपति आहे, पुरातत्त्व खात्याचें तिकीट आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्यें या खात्यानें अशा स्मारकांसाठीं जे दर ठरविले, त्यांत रोखीनें २५ रुपये आणि रोखीवांचून भरल्यास २० रुपये असा भेद केला होता. पांच रुपयांची ही सूट कोणी दिली? खुद्द दाराच्या धन्यानें. अशा सवलतींत संशयास जागा नाहीं.

म्हणजे प्रश्न दर किती उतरला हा नव्हे. दर कोणी उतरविला, हा आहे. या दृष्टीनें पाहिलें तर तिऱ्हाईत विक्रेते तीन प्रकारचे असतात. पहिला, उद्यानानें नेमलेला अडत्या. त्याचें वचन तें उद्यानाचें वचन. दुसरा, आपलें उरलेलें तिकीट विकणारा गृहस्थ. तो प्रामाणिकहि असेल, परंतु पुष्कळ तिकिटें ज्याच्या नांवावर असतात त्यालाच चालतात. तीं दुसऱ्यास देण्याचा अधिकार त्याला नसतो. अमेरिकेंत फ्लोरिडा राज्यांतील डिस्नेच्या उद्यानांत अनेक दिवसांचें एकच तिकीट मिळतें, व लोक त्यांतले उरलेले दिवस विकूं लागले. तेव्हां दारावर बोट टेकवून मनुष्य तोच आहे हें पडताळण्याची पद्धति घालण्यांत आली, आणि असे उरलेले दिवस विकणें हा त्या राज्याच्या कायद्यानें गुन्हा ठरविला. तिसरा, निव्वळ ठक. त्याचाहि इतिहास जुनाच आहे. कॅलिफोर्नियांत पहिलें डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं केवळ निमंत्रितांसाठीं उघडलें, तेव्हां बनावट निमंत्रण-तिकिटें घेऊन आलेल्यांची इतकी गर्दी लोटली कीं व्यवस्था पार कोलमडली. आज मोबाईलवर जें चालतें तें त्या वेळीं छापखान्यांत चालत होतें, एवढाच फरक.

या तिघांना ओळखावयाचें कसें? मी चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, दाराच्या धन्यालाच विचारावें. उद्यानाचा दूरध्वनि-क्रमांक विक्रेत्याच्या संदेशांतून घेऊं नये, तो उद्यानाच्या स्वतःच्या पानावरून घ्यावा. शोध घेतांना सर्वांत वर जें नांव येतें तें पुष्कळदां पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हें ध्यानांत ठेवावें. "अमुक विक्रेता आपला आहे काय?" एवढा एकच प्रश्न विचारावा. गुरुजींनीं हा प्रश्न विचारला असता तर पुढचें सारें टळलें असतें. याच वेळीं उद्यानाची स्वतःची सवलत कोणती, हेंहि विचारून घ्यावें. नऊ माणसांच्या समूहास ती मिळण्याजोगी असते.

दुसरी गोष्ट, पैसे कोणाच्या नांवावर जातात तें पाहावें. यूपीआयनें पैसे देतांना, पिन घालण्यापूर्वीं, घेणाऱ्याचें नांव पडद्यावर दिसतें. विक्रेता स्वतःस मोठी कंपनी म्हणवितो आणि पडद्यावर एकाद्या व्यक्तीचें नांव येतें, तर तेथेंच हात आखडावा.

तिसरी गोष्ट, पावती मागावी. कर भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या पावतीवर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रांतल्या नोंदणीचा आरंभ २७ या अंकांनीं होतो. हा क्रमांक सरकारच्या जीएसटी संकेतस्थळावर कोणासहि फुकट पडताळतां येतो. मात्र क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबूं नये, कारण दुसऱ्याचा क्रमांक उतरवून घेणें कठीण नाहीं. त्या क्रमांकापुढें जें नांव निघतें तें विक्रेत्याचेंच आहे काय, हें पाहावें.

चौथी गोष्ट, अटी वाचाव्यात. तिकीट कोणत्या वाराचें आहे, त्यांत जेवण धरलें आहे काय, पाण्याच्या खेळांचें तिकीट निराळें आहे काय, तारीख बदलतां येते काय? आडवाराचें स्वस्त तिकीट घेऊन रविवारीं जाणारा मनुष्य फसविला गेलेला नसतो. त्यानें वाचलेलें नसतें, इतकेंच. आणि "दोनच तिकिटें शिल्लक, दहा मिनिटांत घ्या" अशी घाई जो करतो, त्याला आपण या चार गोष्टी करावयास नको असतात, हें उघड आहे.

इतकेंहि करून फसगत झाली तर काय करावें? १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. आर्थिक सायबर-फसवणुकीसाठीं ही राष्ट्रीय सोय आहे. गेलेले पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत झपाट्यानें हलविले जातात; ते वाटेंत असतांनाच अडविले तर हातीं लागण्याचा संभव असतो. म्हणून येथें तासांस किंमत आहे. विक्रेता खरा आहे, पण त्यानें शब्द पाळला नाहीं, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यासाठीं १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आपण जेथें राहतों तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार नेतां येते. विक्रेता दिल्लीस असला तरी घोडेगांवच्या मनुष्यास दिल्ली गांठावी लागत नाहीं. २०२० च्या नियमांप्रमाणें ऑनलाइन विक्रीचा धंदा करणाऱ्यानें तक्रार-अधिकारी नेमावा, तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यांत तिचा निकाल लावावा, असें बंधन आहे. त्यासाठीं संदेश, पावती व पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी. रागाच्या भरांत पुसून टाकूं नये.

एक सावधगिरी आणखी. फसविणारा पुष्कळदां दुसऱ्यांदा येतो. "पैसे परत करतों, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला," असें तो गोड शब्दांत सांगतो. पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. पिन लागतो तो पैसे देण्यास.

गुरुजींनीं यांतलें कांहींच केलें नाहीं. त्यांनीं आठ दिवस कोणास सांगितलें नाहीं. जन्मभर मुलांना हिशेब शिकविला आणि म्हातारपणीं आपणच हिशेबांत चुकलों, ही लाज त्यांना वाटली. मुलानेंहि वडिलांस टोचूं नये म्हणून विषय काढला नाहीं. नवव्या दिवशीं तक्रार केली तेव्हां त्या खात्यांत कांहीं उरलें नव्हतें. ठकाचा खरा भरंवसा कोठें असतो, तर तो या लाजेवर. फसलेला मनुष्य बोलत नाहीं, म्हणून तीच जाहिरात शेजारच्या आळींत पुन्हां फिरत राहते.

पुढें दिवाळीच्या सुटींत तसाच एक संदेश गुरुजींच्या शेजारीण बाईंना आला. पैसे पाठविल्यावर त्यांना शंका आली व त्या गुरुजींकडे विचारावयास आल्या. गुरुजींनीं आपली सारी हकीकत त्यांना सांगितली आणि समोर बसवूनच १९३० वर कळवावयास लाविलें. त्या बाईंची रक्कम बँकेंत अडविली गेली. त्या दिवसापासून गुरुजी ही गोष्ट ज्याला त्याला सांगतात, आणि मलाहि त्यांनीं सांगितलें कीं, "नांवाशिवाय सांगा, पण अवश्य सांगा."

तेव्हां श्रोतेहो, येत्या सुटींत मुलांना घेऊन कोठें जाण्याचा बेत असेल तर सवलत जरूर शोधावी. काटकसर हा गृहस्थाचा धर्मच आहे. फक्त पैसे पाठविण्यापूर्वीं, ज्याच्या दारांतून आंत जावयाचें आहे त्याला एकवार विचारून घ्यावें. आणि घरांतलें कोणी फसलें, तर त्याला दोष देण्याआधीं दूरध्वनि हातांत घ्यावा.