सणासुदीनंतर परत येणारा माल : ऑनलाईन विक्रेत्यांसमोरील हिशेब

दसरा-दिवाळीची विक्री संपली, की ऑनलाईन विक्रेत्यांच्या कामाचा दुसरा टप्पा सुरू होतो. सणाच्या दिवसांत पाठवलेला माल त्यानंतरही परत येत राहतो. लहान विक्रेत्याचे भांडवल याच मालात अडकते आणि पुढील खरेदीसाठी त्याच्याकडे रक्कम कमी पडते.

परत येणारा माल मुख्यतः दोन प्रकारचा असतो. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ पद्धतीत ग्राहकाने न स्वीकारलेली पाकिटे बहुधा न उघडता परत येतात; ती तपासून लगेच विक्रीस ठेवता येतात. ग्राहकाने उघडलेला माल मात्र वेगळा ठेवून त्याची प्रतवारी करावी लागते : नव्यासारखा, दुरुस्तीयोग्य, सवलतीत विकण्याजोगा आणि निकामी. पाकीट उघडतानाचे चित्रीकरण केल्यास बदललेल्या मालाबाबत दावा करताना पुरावा हाती राहतो.

समजा, १०० साड्यांपैकी २० परत आल्या आणि त्यांतील ५ डागाळलेल्या निघाल्या, तर विक्रीयोग्य साठा १५ नेच वाढतो. तपासणीपूर्वीच २० ची नोंद केल्यास नसलेल्या मालाची मागणी स्वीकारली जाते आणि ती रद्द करण्याची वेळ येते.

परतावा नाकारण्यालाही कायद्याची मर्यादा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणेही बंधनकारक आहे.

वस्तू व सेवा कराचा हिशेबही यासोबतच जुळवावा लागतो. परत आलेल्या मालासाठी ‘क्रेडिट नोट’ काढल्यास भरलेल्या कराचे समायोजन होते. त्यासाठी पुढील आर्थिक वर्षातील ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिवस, यांपैकी आधीची तारीख ही अंतिम मुदत असते. विक्रीमंच १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के दराने जो कर गोळा करतात, तोही त्या महिन्यातील परतावे वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. निर्लेखित केलेल्या निकामी मालावरील खरेदी-कराची वजावट मात्र मिळत नाही.

त्यामुळे प्रत्येक परताव्याची कारणासह नोंद ठेवणे हिताचे ठरते. एकाच वस्तूबाबत मापाची किंवा रंगाची तक्रार वारंवार येत असेल, तर पुढील हंगामापूर्वी तिचे वर्णन व छायाचित्र सुधारता येते.